काचघरातली द्राक्षं

चेरी धुवायच्या की नाही? गेल्या जुलैमध्ये रात्री साडेअकराला माझ्या चुलत भावाने, म्हणजे दादाने, अमेरिकेतून फोन करून मला हा प्रश्न विचारला आणि इथूनच सगळी भानगड सुरू झाली.

दादा मेकॅनिकलवाला. एमएस करायला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि त्याला घरी बिअर बनवायचा नाद लागला. (काकूला अजून माहीत नाही. हा अंक आमच्या घरी पोचणार नाही याची व्यवस्था मी केलेली आहे.) तिकडे १९७८ च्या कायद्यापासून घरच्यापुरती बिअर बनवायला केंद्र सरकारची परवानगी आहे. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यामुळे होस्टेलवरच्या मित्रांनो, पुढचं सगळं फक्त ज्ञानवर्धनासाठी वाचा!

साधी बिअर बनवणारे लोक यीस्टचं पाकीट विकत आणतात. दादाने तसं केलं नव्हतं. त्याने जवाचं उकळलेलं गोड पाणी (त्याला वर्ट म्हणतात) एका थंड रात्री परसातल्या सफरचंदाच्या झाडाखाली उघडं ठेवलं आणि सकाळी काचेच्या मोठ्या बरणीत भरून ठेवलं. रात्रीतून जे काही हवेतून, पानांवरून, किड्यांच्या पायांवरून पडलं, तेच त्याचं यीस्ट. रानटी यीस्ट. वर्षभर ते बुडबुडत राहिलं, आंबट झालं, आणि आता त्यात साडेचार किलो आंबट चेरी घालायच्या होत्या. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास लँबिक नावाची बिअर अशीच उघड्या हवेच्या भरवशावर बनते आणि तिच्यात चेरी घातली की तिला क्रीक म्हणतात. तर प्रश्न असा होता की चेरीच्या सालीवरही रानटी यीस्ट असतं म्हणतात. धुतलं तर ते जाईल का? आणि नाही धुतलं तर दुसरंच काहीतरी घुसून वर्षाची मेहनत वाया जाईल का? मी केमिकलवाला, त्यात द्राक्षबागायतदाराचा मुलगा. मला हे माहीत असायलाच हवं असा त्याचा समज.

मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला हे माहीत असायला हवं होतं, कारण याच विषयावरचं प्रॅक्टिकल मी पाचच महिन्यांपूर्वी केलं होतं आणि त्यात मला चांगले मार्कही पडले होते. ते मार्क कसे पडले ते पुढे सांगतो. आधी ज्या माणसाने या प्रश्नापायी द्राक्षाच्या अख्ख्या वेलींवर काचेची घरं बांधली, त्याची गोष्ट. लुई पाश्चर.

एकेरी उल्लेखाबद्दल जाणकारांनी माफ करावं. पण चार महिने लायब्ररीत एखाद्या माणसाबरोबर बसलं की तो घरचाच होतो.

पाश्चर म्हटलं की आपल्याला पिसाळलेला कुत्रा आणि दुधाची पिशवी आठवते. पण त्याच्या आयुष्याची मधली वीस-बावीस वर्षं आंबण्यात गेली! जन्म २७ डिसेंबर १८२२, फ्रान्सच्या पूर्वेला ज्युरा भागातल्या डोल गावी. वडील चामडं कमावायचा धंदा करायचे, त्याआधी नेपोलियनच्या सैन्यात होते. लुई लहान असतानाच कुटुंब आर्ब्वा नावाच्या गावी आलं. हे गाव म्हणजे द्राक्षांचं आणि वाइनचं. आमच्या निफाड तालुक्यात वाढलेल्या पोराला जसं छाटणी, डिपिंग, खुडा हे शब्द शिकावे लागत नाहीत, तसंच त्याचं झालं असणार. शाळेत तो काही फार चमकणारा नव्हता. चित्रं मात्र सुंदर काढायचा. पंधराव्या वर्षी पॅरिसला शिकायला पाठवलं तर घरच्या आठवणीने महिन्याभरात परत आला. (फर्स्ट इयरला पहिल्या शनिवारी बॅग भरून एसटी स्टँडवर गेलेल्या सर्वांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) पुढे पदवीच्या परीक्षेत रसायनशास्त्रातच त्याला जेमतेम शेरा मिळाला. एकोल नॉर्मालच्या प्रवेशात १८४२ मध्ये नंबर लागला तो पंधरावा. तो लागलेला प्रवेश त्याने सोडून दिला, वर्षभर पुन्हा तयारी केली आणि १८४३ मध्ये चौथा आला. याला ड्रॉप घेणं म्हणतात.

१८४८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने पहिला मोठा शोध लावला. वाइनच्या पिंपात तळाशी जे टार्टरचे खडे जमतात, त्यांपासून मिळणाऱ्या आम्लाच्या क्षारांचे स्फटिक त्याने सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने वेगळे केले. काही डावे, काही उजवे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. ऑरगॅनिकच्या पेपरात कायरॅलिटीवर जो प्रश्न येतो, त्याचा मूळ गुन्हेगार हाच. १८४९ मध्ये स्ट्रासबुर्गला मारी लॉरांशी लग्न झालं. ही बाई आयुष्यभर त्याची लेखनिक, सहकारी आणि रोज रात्री त्याचं ऐकून घेणारी एकमेव व्यक्ती होती. पाच मुलं झाली. त्यांतल्या तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यांतल्या दोघी टायफॉइडने. जंतूंच्या मागे हा माणूस इतका का लागला असेल, याचं उत्तर शोधायला मला तरी फार लांब जावं लागलं नाही.

१८५४ मध्ये तो लील शहरात विज्ञान शाखेचा डीन झाला. तिथे १८५६ मध्ये बिगो नावाचा एक कारखानदार, ज्याचा मुलगा पाश्चरच्या वर्गात होता, तक्रार घेऊन आला. बिटाच्या रसापासून अल्कोहोल बनवायचा त्याचा धंदा, पण काही टाक्या आंबट पडत होत्या. पाश्चर कारखान्यात गेला, टाक्यांतले थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघू लागला. चांगल्या टाकीत गोल गुबगुबीत यीस्ट दिसलं. बिघडलेल्या टाकीत त्यापेक्षा कितीतरी बारीक, लांबट काहीतरी होतं. तोपर्यंत लिबिगसारखे मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ सांगत होते की आंबणं म्हणजे निव्वळ रासायनिक विघटन, यीस्ट हा फक्त कुजणारा पदार्थ. पाश्चरने सांगितलं, नाही, आंबणं हे जिवंत पेशींचं काम आहे, आणि प्रत्येक आंबण्याला त्याचा त्याचा जीव असतो. १८५७ मध्ये लॅक्टिक आम्लावर, १८६० मध्ये अल्कोहोलवर त्याचे निबंध आले.

मग प्रश्न आला, हे जीव येतात कुठून? आपोआप उत्पन्न होतात, की बाहेरून येतात? हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचे फ्लास्क आपण सगळ्यांनी पुस्तकात बघितलेत. मला त्यापेक्षा १८६० चा प्रवास जास्त आवडतो. हा गृहस्थ उकळून, ओढून बंद केलेले फ्लास्क घेऊन डोंगर चढला. आर्ब्वाजवळ डोंगराच्या पायथ्याला वीस फ्लास्क उघडून पुन्हा बंद केले, त्यांतले आठ बिघडले. साडेआठशे मीटरवर वीसपैकी पाच. आल्प्समधल्या मेर द ग्लास हिमनदीवर वीसपैकी फक्त एक. आठ, पाच, एक. काय सुंदर रिडिंग आहेत! वीसपैकी वीस आणि वीसपैकी शून्य असती तर मला संशय आला असता.

कारण आता आमच्या रिडिंगची गोष्ट.

टीईच्या दुसऱ्या सेमिस्टरला बायोकेमिकलच्या लॅबला आम्हाला द्राक्षरसाचं फर्मेंटेशन होतं. तीन फ्लास्क. एक, रस अधिक बेकरीचं यीस्ट. दोन, न उकळलेला नुसता रस. तीन, उकळलेला रस, कापसाचा बोळा लावलेला, म्हणजे ब्लँक. द्राक्षं आमच्याच बागेतली, मी रविवारी गावाहून येताना क्रेट आणला होता (अर्धा होस्टेलने खाल्ला). अपेक्षा अशी की पहिला लगेच आंबेल, दुसरा दोन-तीन दिवसांनी आंबेल, ब्लँक शांत बसेल. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ब्लँक जोरात बुडबुडत होता! आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. सबमिशन दुसऱ्या दिवशी. गेल्या वर्षीची फाइल रूमवर होतीच. ब्लँकपुढे सातही दिवस निरंक असं लिहिलं, साखरेच्या आकड्यांना थोडा इकडेतिकडे हात लावला, ग्राफ गुळगुळीत आला. व्हायवाला सरांनी ग्राफ बघून मान डोलावली.

चूक कुठे झाली ते दोन मिनिटांत कळण्यासारखं होतं. रिडिंग घेताना तिन्ही फ्लास्कमध्ये आम्ही एकच पिपेट बुडवत होतो, आणि तेही यीस्टच्या फ्लास्कपासून सुरुवात करून. पण त्या सकाळी आमच्यापैकी कोणाला का हा प्रश्न पडलाच नव्हता.

असो. पाश्चरकडे परत.

१८६३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्याला वाइन का बिघडते ते शोधायला सांगितलं. वाइन पन्नास ते साठ अंशांपर्यंत थोडा वेळ तापवायची ही युक्ती त्यातून निघाली. दुधाला ती पुढे लावली गेली. मग रेशमाच्या किड्यांचा रोग, त्यात पाच वर्षं गेली. त्यातच १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, वय पंचेचाळीस. डावा हात-पाय कायमचा अधू झाला. त्यानंतरचं सगळं काम, म्हणजे जे आपल्याला पाठ असतं ते बहुतेक सगळं, या माणसाने अर्ध्या शरीराने केलंय.

बिअरकडे तो वळला तो रागाने. १८७०-७१ च्या युद्धात जर्मनांनी फ्रान्सला झोपवलं. बॉन विद्यापीठाने दिलेली मानद पदवी पाश्चरने परत पाठवली आणि ठरवलं की जर्मनांना ज्या गोष्टीत सगळे मानतात त्या बिअरमध्ये त्यांना हरवायचं. १८७१ मध्ये घेतलेल्या पेटंटमागच्या या बिअरला त्याने राष्ट्रीय सूडाची बिअर असं नाव योजलं होतं. त्याला स्वतःला बिअर फारशी आवडत नसे! क्लेर्मों-फेराँजवळच्या एका छोट्या ब्रूअरीत त्याने काम सुरू केलं, मग लंडनला व्हिटब्रेडच्या प्रचंड ब्रूअरीत गेला. तिथल्या लोकांनी दाखवलेलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याने सांगितलं की यात नको ते जंतू आहेत, तुमच्या या मालाला ग्राहकांच्या तक्रारी येत असणार. येत होत्या. आठवड्याभरात ब्रूअरीने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. क्वालिटी कंट्रोलचा जॉब करणाऱ्या आमच्या सिनियर्सनी त्या आठवड्याची आठवण ठेवायला हरकत नाही.

१८७६ मध्ये त्याचं बिअरवरचं पुस्तक आलं. त्याचा सारांश एका ओळीत सांगायचा तर दारं-खिडक्या बंद करा. वर्ट गार होताना तिला बाहेरची हवा लागू देऊ नका, कारण हवेत आणि धुळीत रानटी यीस्ट आणि जिवाणू असतात. म्हणजे दादा झाडाखाली जे करत होता त्याच्या बरोब्बर उलट. गंमत म्हणजे सगळं युरोप पाश्चरचं ऐकून खिडक्या लावत असताना ब्रुसेल्सच्या आसपासचे ते लँबिकवाले थंडीच्या महिन्यांत माळ्यावरच्या उथळ पसरट टाकीत गरम वर्ट ओतून रात्रभर झडपा उघड्या ठेवत राहिले. आजही ठेवतात. पुढे १९०४ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग कंपनीतल्या क्लाउसेनने जुन्या इंग्लिश बिअरमध्ये एक वेगळं यीस्ट शोधलं आणि त्याला ब्रेटानोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असं नाव दिलं. लँबिकची ती तबेल्यासारखी, चामड्यासारखी चव बऱ्याच अंशी याच्यामुळे येते. वाइनवाले याला शिवी समजतात. दादा याला सुगंध म्हणतो.

आता मुख्य गोष्ट. क्लॉद बेर्नार हा त्या काळचा फ्रान्सचा सर्वांत मोठा शरीरशास्त्रज्ञ. पाश्चरचा मित्र. १८६६ मध्ये बेर्नार आजारी पडला, खचला, तेव्हा पाश्चरने त्याच्या कामावर एक कौतुकाचा लेख वर्तमानपत्रात लिहिला आणि त्याने बेर्नारला उभारी आली होती. १० फेब्रुवारी १८७८ रोजी बेर्नार वारला. आणि त्याच जुलैमध्ये त्याच्या टेबलाच्या खणात सापडलेल्या टिपणं रसायनशास्त्रज्ञ बेर्तलोने एका विज्ञान नियतकालिकात छापून टाकली. बेर्नारने आदल्या शरदात, आपल्या गावच्या द्राक्षमळ्यात, गुपचूप प्रयोग केले होते. निष्कर्ष असा की अल्कोहोल यीस्टशिवाय तयार होतं. पिकलेल्या द्राक्षाच्या रसातच एखादा विरघळणारा घटक असतो, तोच आंबवतो. यीस्ट नंतर येतं, किंवा त्या रसातच उगवतं. म्हणजे पाश्चरची वीस वर्षं चूक!

विचार करा. विरोधक जिवंत असता तर अकादमीत उभं राहून भांडता आलं असतं, आणि भांडायला पाश्चर कधीच मागे नव्हता. पण हा मित्र. आणि मेलेला. त्याने ते छापायला कुणाला सांगितलंही नव्हतं. गप्प बसावं तर जगाला वाटणार की उत्तर नाही, बोलावं तर मेलेल्या माणसावर वार केल्यासारखं.

पाश्चरने ठरवलं की उत्तर द्राक्षंच देतील. आर्ब्वाजवळ रोझिएर इथे १८७४ मध्ये त्याने स्वतःचा एक छोटा मळा घेतला होता. त्याला आधीच्या कामातून एक गोष्ट माहीत होती: यीस्ट द्राक्षाच्या आत नसतं, सालीवर असतं, आणि तेही फळ पिकायच्या सुमारास येतं. कच्च्या हिरव्या मण्यांवर नसतं. तर मग, खर्चाची फिकीर न करता, त्याने लगोलग काचेची घरं बनवून घेतली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, मणी अजून हिरवे कडक असतानाच, ती वेलींवर उभी केली. काचघरातल्याही काही घडांना त्याने तापवून निर्जंतुक केलेला कापूस गुंडाळला. आणि मग थांबला. दोन महिने. यात घाई करता येत नाही, द्राक्षाला कोणी केटी लावू शकत नाही.

ऑक्टोबरमध्ये घड काढले. बाहेरच्या मोकळ्या वेलींवरचे मणी चिरडून ठेवले, ते पंचवीस-तीस अंशांना दीड-दोन दिवसांत आंबायला लागले. काचघरातले आंबले नाहीत. कापसातले आंबले नाहीत. रस तोच, गोडी तीच, बेर्नारचा तो विरघळणारा घटक असलाच तर तोही तोच. मग त्याने काचघरातले काही घड तोडून बाहेरच्या वेलींना टांगले, काही काळ उघड्या हवेत राहू दिले. ते मात्र आंबले. ही शेवटची पायरी मला सगळ्यांत थोर वाटते. नुसतं आंबलं नाही यावर तो थांबला असता तर कोणीही म्हणालं असतं की काचेखाली द्राक्षं नीट पिकलीच नसतील. कापसात बांधलेले घड घेऊन तो पॅरिसला अकादमीत गेला आणि सगळ्यांना, विशेषतः बेर्तलोला, स्वतः चिरडून बघायचं आव्हान दिलं. १८७९ मध्ये त्याने बेर्नारच्या टिपणांची चिरफाड करणारं आख्खं पुस्तक काढलं. मित्रावर. ते त्याने करायला हवं होतं का, यावर मी आणि माझा रूममेट रात्री दोनपर्यंत भांडलोय. रूममेटचं म्हणणं, नको होतं. माझं म्हणणं, टिपणं छापली त्यांनी खरी चूक केली.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ ला वारला. मधल्या काळातल्या अँथ्रॅक्सच्या लशी, जुलै १८८५ चा जोसेफ माइस्टर, १८८८ ला उघडलेली पाश्चर इन्स्टिट्यूट, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. त्याच संस्थेतला हाफकिन १८९३ मध्ये भारतात आला आणि मुंबईच्या प्लेगवर त्याने लस शोधली, परळची संस्था त्याच्या नावाने आहे. पाश्चर गेल्यावर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, जर्मनीत (जर्मनीतच!) एडुआर्ट बुखनरने यीस्ट वाळूबरोबर वाटून, दाबून त्याचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती. तो रस टिकावा म्हणून त्याने त्यात साखर घातली, आणि ते मिश्रण बुडबुडायला लागलं. जिवंत पेशीशिवाय आंबणं! एन्झाइम! बुखनरला १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे बेर्नारच्या मनात जे होतं ते खरं निघालं. विरघळणारा घटक होता. फक्त तो द्राक्षाच्या रसात नव्हता, यीस्टच्या पोटात होता. बेर्नारचा प्रयोग चुकीचा, कल्पना बरोबर. पाश्चरचा प्रयोग बिनतोड, पण जिवंत पेशीशिवाय आंबणं नाहीच हा आग्रह चुकीचा. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि मी काही झोप न येणाऱ्यांपैकी नाही, हे होस्टेल सांगेल.

आणखी एक खटकणारी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ही नुसती आरती होईल. पाश्चरने आपल्या वह्या कोणाला दाखवू नका असं घरच्यांना बजावलं होतं. पुढे नातवाने त्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या आणि १९९५ मध्ये जेरल्ड गायसन या इतिहासकाराने त्यांवर पुस्तक लिहिलं. १८८१ च्या अँथ्रॅक्सच्या जाहीर प्रयोगात वापरलेली लस पाश्चरच्या स्वतःच्या पद्धतीची नव्हती, ती सहकारी शांबरलांच्या पोटॅशियम डायक्रोमेटच्या पद्धतीने केलेली होती, आणि पाश्चरने लोकांचा समज तसाच राहू दिला, हे वह्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं. लोकांसमोर लपवलं, पण वहीत मात्र खरं लिहिलं. आम्ही वहीतच खोटं लिहिलं होतं.

आता दादाचा प्रश्न. त्याला मी ऑगस्टमध्ये उत्तर दिलं (चेरी तोपर्यंत त्याच्या फ्रीजरमध्ये होत्या, आणि ते चांगलंच, गोठून पेशी फुटल्या की रस सहज सुटतो). उत्तर असं की धूळ आणि फवारणी जावी म्हणून धू, बाकी फार फरक पडत नाही. सालीवर जे यीस्ट असतं ते बहुतेक लिंबाच्या आकाराचं, नाजूक. कार्ल्सबर्गच्याच हान्सनने १८८१ च्या सुमारास दाखवलं की ते उन्हाळ्यात पिकल्या फळांवर आणि हिवाळ्यात मातीत राहतं. थोडं अल्कोहोल झालं की ते माघार घेतं. दारू करणारं खरं यीस्ट धडधाकट फळावर फारच थोडं असतं. २०१२ मध्ये इटलीतल्या संशोधकांना ते गांधीलमाशीच्या पोटात हिवाळा काढताना सापडलं. दादाच्या बरणीत आंबट, अल्कोहोलयुक्त पाणी आणि वर्षभर तरबेज झालेली सेना आधीच हजर. चेरीतली साखर तीच खाणार.

आणि हो, चेरी घातली की बिअर कडक होते हा गैरसमज आहे. मास बॅलन्स करून बघा. वीस लिटर बिअर, साडेपाच टक्के. साडेचार किलो आंबट चेरी, त्यात साखर किलोला साधारण पंच्याऐंशी ग्रॅम, बाकी बहुतेक पाणीच. साखरेतून अडीचशे मिली अल्कोहोल वाढलं, पण जवळजवळ चार लिटर पाणीही वाढलं. उत्तर पुन्हा साडेपाचच्याच आसपास! फळ घालायचं ते रंग, आंबटपणा आणि वास यांसाठी. बिया राहू दिल्या तर बदामासारखा वास येतो. बरणी मात्र काठोकाठ भरायची नाही, साली वर येऊन नळी तुंबते. आणि बाटलीत भरायची घाई करायची नाही. लिटरमागे चार ग्रॅम साखर उरली तरी तिच्यातून जवळजवळ एक लिटर वायू तयार होतो, बाटलीला जायला जागा नसते.

पाश्चरची एक चेरीची आठवणही सांगतात. जेवणाच्या टेबलावर तो चेरी एकेक करून ग्लासातल्या पाण्यात धुऊन खात होता आणि सालीवर किती जंतू असतात यावर घरच्यांना व्याख्यान देत होता. बोलता बोलता तहान लागली आणि तोच ग्लास उचलून प्यायला.

राहिली आमची द्राक्षं. मी डिसेंबरमध्ये गावी गेलो तेव्हा लॅबच्या ऑटोक्लेव्हमधून निर्जंतुक केलेला कापूस घेऊन गेलो. बारा घडांना कापूस, बारा घडांना कागद (आमच्याकडे ऊन लागून मणी लालसर होऊ नयेत म्हणून घडांना पेपर लावतातच), बारा मोकळे. आण्णांनी पहिले पाच मिनिटं काही विचारलं नाही. मग एवढंच म्हणाले की कापसातल्या घडावर फवारा पोचणार नाही, भुरी येईल. आली. फेब्रुवारीत कापसातल्या बारांपैकी तीन घड भुरीने गेले होते. उरलेल्या नवांपैकी पाच आंबले नाहीत, चार आंबले. कागदातले बारापैकी दहा आंबले, मोकळ्यातले अकरा. कापूस मी गाठ मारून बांधला होता, देठापाशी फट राहिली होती, बहुधा मुंग्या गेल्या. या वेळी प्रत्येक फ्लास्कला वेगळं पिपेट होतं.

हे सगळं मी जसंच्या तसं लिहून सरांकडे नेलं, आणि गेल्या वर्षीच्या ब्लँकचंही सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नवीन पानं वाचली. मग विचारलं, भुरी आलेले तीन घड तू टक्केवारीत का धरले नाहीस? मला उत्तर देता आलं नाही. ते अजून शोधतोय.

दादाने जानेवारीत चोवीस बाटल्या भरल्या. दोन फुटल्या. बाकीच्या लालभडक आणि, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, भयंकर आंबट आहेत. त्याला त्या आवडल्यात.